मूढ्यावरचा माणूस

त्यांच्याकडे रजा मागायची, तर ती का मिळू नये याची तयारी करून जावं लागे. मी नवी होते तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. भाचीच्या लग्नाला पुण्याला जायचं म्हणून अर्ज घेऊन त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी अर्ज उघडलाच नाही. म्हणाले, "मॅडम, समजा तुम्ही मी आहात आणि ही बाई रजा मागते आहे. का देऊ नये, सांगा बरं."

मी पुण्याची. वाद घालायला मला अक्षत द्यावी लागत नाही. कामं अर्धवट पडली आहेत, अहवाल छापायला जायचाय, भाचीला आणखीही मावश्या आहेत, शिवाय ही बाई परतीचं तिकीट न काढताच निघाली आहे, असं सगळं धडाधड सांगून टाकलं. ते मन लावून ऐकत राहिले.

"वा," शेवटी म्हणाले. "मला यातलं निम्मंही सुचलं नसतं. तुम्ही मला पटवलंत. रजा नाही."

मग माझं तोंड बघून त्यांनी सही केली. पण सहीच्या वर "परतीचं तिकीट काढून दाखवावे" हा शेरा मारलाच.

आमची संस्था म्हणजे पूर्व दिल्लीतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. काम असं की महापालिकेला किंवा एखाद्या सरकारी खात्याला लोकांच्या जगण्याशी संबंधित काही नियम करायचा असला, की आम्ही त्या भागातली साधी माणसं चिठ्ठ्या टाकून निवडायची, त्यांना काही रविवार एकत्र बसवायचं, दोन्ही बाजूंची माहिती त्यांच्यापुढे ठेवायची, आणि त्यांचा त्यांनी विचार करून जो निर्णय निघेल तो वर कळवायचा. वरचे तो मानत किंवा न मानत. दोन्ही वेळा आमचे आभार मात्र मानत.

सर (आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो) केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते. एवढा मोठा अधिकारी या दोन खोल्यांत कशाला आला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आयुष्यभर फायलींवर 'चर्चा करावी' असा शेरा वाचला. कधी कुणी केली नाही. म्हटलं, मरायच्या आधी एकदा चर्चा असते कशी ते तरी पाहू."

मूळचे नागपूरचे. वडील गिरणीत होते. दिल्लीत उभी हयात आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात गेली, त्यामुळे बोलणं आमच्या सगळ्यांसारखंच झालं होतं, थोडं पुस्तकी, मध्येमध्ये 'अच्छा' आणि 'बिल्कुल' पेरलेलं. फोन उचलताना मात्र 'जय भीम' म्हणत, पलीकडे आयुक्त असो की गॅसवाला. आणि रागावले की वऱ्हाडी बाहेर पडे. "काहून बाप्पा?" असं त्यांनी म्हटलं की आम्ही सगळे कामाला लागायचो.

त्यांच्या बैठकीचे नियम दोनच होते. पहिला, आधी समोरच्याचं सांगायचं, मग आपलं. ज्याच्याशी तुमचं पटत नाही त्याचं म्हणणं तुम्ही त्याच्यादेखत मांडायचं, आणि त्यानं "हाँ, यही मेरी बात है" असं म्हटल्याशिवाय तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायला मिळायचं नाही. हा नियम त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. त्यांच्या लहानपणी वस्तीत नळ एक आणि त्यावर भांडणं अख्ख्या वस्तीची. रविवारी संध्याकाळी विहारात एक म्हातारे गृहस्थ भांडणाऱ्या दोघींना समोरासमोर बसवत आणि एकीला दुसरीची बाजू बोलायला लावत. निम्मी भांडणं तिथंच विरघळत, असं सर सांगायचे. उरलेली निम्मी मात्र जास्त मुद्देसूद होत, हेही प्रामाणिकपणे सांगायचे.

दुसरा नियम, निर्णय तयार झाला की तो मोठ्यानं वाचायचा आणि तीनदा विचारायचं, "किसी को कुछ?" तिन्ही वेळा सगळे गप्प राहिले तर निर्णय झाला. एकानं जरी तोंड उघडलं तरी पुन्हा पहिल्यापासून. हात वर करून मोजणी त्यांना खपत नसे. "मतदान म्हणजे भांडण मोजणं," ते म्हणायचे. "भिक्खू संघात असंच तीनदा विचारत. गप्प बसणं म्हणजे होकार. आणि तिथे तर समोसेही नव्हते."

समोशांवरही त्यांचा अभ्यास होता. चर्चा संपल्यावर समोसे दिले तर लोक समोशांसाठी चर्चा संपवतात, म्हणून समोसे ऐन भांडणाच्या मध्ये यायचे. तोंडात गरम बटाटा असला की माणसाला समोरच्याचं ऐकावंच लागतं. "मत ज्याच्या त्याच्याकडे असतं," ते म्हणायचे. "कान मात्र दिल्लीत भाड्यानं आणावे लागतात."

बसण्याची सोय त्यांची त्यांनी केली होती. खुर्च्या नकोत, कारण खुर्ची आली की पहिली रांग येते. सगळ्यांसाठी एक लांबलचक सतरंजी होती, ती त्यांनी स्वतः पानिपतला जाऊन आणली होती. "पानिपतहून काहीतरी घेऊन परत आलेला पहिला मराठी माणूस मीच," हे ते प्रत्येक नव्या मराठी माणसाला सांगत आणि तो हसेपर्यंत थांबत. स्वतः ते एका मूढ्यावर बसत. मूढा म्हणजे इकडे सरकंडा नावाच्या जाड गवताचं विणलेलं बुटकं आसन मिळतं ते. त्यांचा बिनपाठीचा होता, स्कूटरला मागे बांधून ते सगळीकडे नेत. मूढ्यावर बसलेल्या माणसाला मत नसतं, हा त्यांचा आवडता सिद्धान्त. कुणी विचारलंच, "सर, आपको क्या लगता है?" तर मूढ्यावर थाप मारून म्हणत, "इसको कुछ नहीं लगता."

चिठ्ठ्या ते घरच्या पिठाच्या डब्यात टाकत आणि भर बाजारात, भाजीच्या गाड्यापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक काढायला लावत. लबाडी झाली असं कुणी म्हणायला नको म्हणून. लोकांना वाटे विम्याची स्कीम असणार. मग ज्याचं नाव निघालं त्याच्या दारात आम्ही जायचो.

"आपका नाम निकला है," सर अभिनंदन केल्यासारखं सांगायचे.

"अच्छा! इनाम क्या है?"

"तीन इतवार."

दार बंद. सर पुन्हा बेल वाजवायचे. दार उघडलं की तो माणूस काय म्हणणार आहे ते आधी तेच सांगायचे. "आप कहेंगे, मेरे कहने से क्या होगा. सरकार ने तो तय कर ही लिया है. बिल्कुल ठीक. और इतवार एक ही तो मिलता है." तो माणूस गोंधळून "हाँ, यही..." म्हणायचा आणि तिथेच सापडायचा. हीच पद्धत ते रिक्षावाल्यांवरही वापरत. पण रिक्षावाल्याची बाजू इतकी चांगली मांडत की उतरताना स्वतःच जास्त पैसे देत.

त्यांची एक गोष्ट मला खटकायची. दुपारी अडीचच्या सुमाराला ते उठत, काहीही चाललेलं असो. एकदा आयुक्तांसमोर बसलो होतो, आयुक्त बोलत होते, आणि हे उठून नमस्कार करून निघाले. दुसऱ्या दिवशी मी जरा तिखटच बोलले. "चारच्या आत घरी पोचावं लागतं," एवढंच म्हणाले. "घड्याळाला मत नसतं."

कारण मला त्यांच्या घरी कळलं. म्हणजे दिसलं, कळलं नंतर. द्वारकेच्या पुढे एका कॉलनीत त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून फ्लॅट घेतला होता, दुसऱ्या मजल्यावर. कागदांवर सह्या घ्यायला मी गेले होते. त्यांच्या पत्नी समोर येऊन बसल्या. इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर पर्स. पहाडगंजातल्या मराठी शाळेत त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलं होतं, आणि ते त्यांच्या बसण्यातूनच कळत होतं.

"कितवीत आहेस?" त्यांनी मला विचारलं.

माझे केस तेव्हाही निम्मे पांढरे होते. शिक्षकांची थट्टा असते तशी असेल म्हणून मी म्हटलं, "चौथीत."

"चौथीत? मग पाय खाली सोडून बस."

मी पाय खाली सोडले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "कितवीत आहेस?" आणि मी सरांकडे पाहिलं. ते सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "बाईंना वर्ग लागतो." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते पत्नीला बाईच म्हणत, सगळी शाळा म्हणायची म्हणून. निघताना त्यांनी मला जिन्यापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "ऑफिसात बोलू नका. लोक वेडी म्हणतात. तिच्या हाताखाली अर्ध्या दिल्लीतली मराठी पोरं शुद्ध लिहायला शिकली."

मी बोलले नाही.

गेटांचं प्रकरण त्यानंतरचं. दिल्लीत कॉलनी म्हटली की गेट आलं, आणि गेट म्हटलं की ते कधी बंद करायचं यावरून भांडण आलं. द्वारकेकडच्या भागात साखळीचोऱ्या झाल्या, तेव्हा कॉलन्यांनी मागची गेटं कायमची बंद करायला सुरुवात केली. मागे जुनं गाव होतं, तिथे भाड्यानं राहणारी शेकडो माणसं या गेटांतून मेट्रोला जात. तक्रारी दोन्हीकडून आल्या, आणि महापालिकेनं आम्हाला सांगितलं, लोकांना बसवा, वॉर्डातल्या मागच्या गेटांसाठी एकच नियम काय करायचा ते त्यांनाच ठरवू द्या. नियम ठरला की वॉर्डातल्या सगळ्या गेटांना तो लागू. त्यात सरांच्या कॉलनीचं मागचं गेटही आलं.

"सर, ही बैठक दुसऱ्या कुणी चालवावी का?" मी विचारलं.

"दिल्लीत गेटाबाहेर राहणारा कोण सापडेल तुम्हाला?" ते म्हणाले. "शिवाय मूढ्याला मत नसतं."

बैठक त्यांच्याच कॉलनीच्या बारातघरात होती, मागच्या गेटाला लागून. लग्नाची वऱ्हाडं उतरायचा तो हॉल, भिंतीला अजून झेंडूच्या माळांचे दोरे लोंबत होते. तीसेक माणसं आली. कॉलनीच्या असोसिएशनचे अध्यक्ष, म्हणजे इकडच्या भाषेत प्रधानजी, त्यांत होते, मोठा आवाज आणि मन त्याहून मोठं असा पंजाबी गृहस्थ. गावातली माणसं आत आलेली पाहून ते पहिल्याच रविवारी उखडले.

"गेट हमारा है. बाहर वालों का इसमें क्या काम?"

"गेट के दो तरफ़ होते हैं, प्रधानजी," सर म्हणाले. "एक तरफ़ वाला हो तो उसे दीवार कहते हैं."

गावाच्या बाजूनं एक मल्याळी सिस्टर होती. एका खाजगी हॉस्पिटलात नर्स, बुटकी, शांत. तिची ड्यूटी रात्री संपे. गेट उघडं असलं तर मेट्रोपासून खोलीपर्यंत दिव्याखालून यायला मिळे. बंद असलं तर भिंतीमागच्या नाल्याच्या रस्त्यानं वळसा. त्या रस्त्यावर एकदा दोन मोटारसायकली तिच्या मागे हळू चालत राहिल्या होत्या. तिनं हे आवाज न चढवता सांगितलं. पण त्याआधी नियमाप्रमाणे प्रधानजींची बाजू सांगितली. त्यांच्या पत्नीच्या गळ्यातली साखळी गेली तेव्हापासून ती संध्याकाळी खाली उतरलेली नाही, हेसुद्धा तिनं त्यात घेतलं. प्रधानजी म्हणाले, "हाँ. यही मेरी बात है."

दुसऱ्या रविवारी वाद पुरता पेटला, समोसे दोनदा मागवावे लागले, आणि तिसऱ्या रविवारी दुपारपर्यंत निर्णय तयार झाला. मागची गेटं पहाटेपासून शेवटची मेट्रो जाईपर्यंत उघडी राहतील, अंधार पडला की तिथे गार्ड उभा राहील, आणि गार्डाचा पगार कॉलनी आणि गाव मिळून देतील. सरांनी ते वाचलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"किसी को कुछ?"

सगळे गप्प.

"किसी को कुछ?"

सगळे गप्प. तेव्हा सिस्टर उभी राहिली.

"सर, सामने वाले की बात पूरी नहीं हुई," ती म्हणाली. "एक आदमी की रह गई."

ती सांगू लागली. या गेटापाशी एक आंटीजी येतात. संध्याकाळच्या आधी, पर्स घेऊन, साडी नीट नेसलेली. विचारलं की म्हणतात, शाळेची वेळ झाली, बस चुकेल. सुट्टीच्या दिवशी दोनदा तिला त्या भेटल्या, तिनं हात धरून त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. कुठला फ्लॅट ते तिला माहीत नाही. गेट बंद असलं तर त्या तिथे थांबतात आणि परत येतात. उघडं असलं तर पुढे मोठा रस्ता आहे.

"उनके घर में कोई होगा," ती म्हणाली. "वो चाहता होगा गेट बंद रहे. उसकी बात किसी ने नहीं बोली. मुझे तो गेट खुला चाहिए, इसलिए मुझे ही बोलना था."

प्रधानजींनी इकडेतिकडे पाहिलं. "पर ये यहाँ किसी की बात तो है नहीं. हाँ कौन बोलेगा? आगे चलिए."

मी सरांकडे पाहायचं टाळत होते. पाहिलं तेव्हा ते मूढ्यावर दोन्ही हात टेकून बसले होते. ते म्हणाले, "हाँ. यही मेरी बात है."

मग ते उठले. मला मराठीत म्हणाले, "मॅडम, बसा इथे. हा मूढा मी बाटवला." आणि सतरंजीवर जाऊन, गावातल्या एका माणसाशेजारी मांडी घालून बसले. मी मूढ्यावर बसले. इतक्या वर्षांत त्यावर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. खूप बुटका होता तो. तिथून सगळ्यांचे चेहरे आपल्याच उंचीला येत.

सरांनी नियम मोडला नाही. आधी सिस्टरची बाजू सांगितली. नाल्याचा रस्ता, मोटारसायकली, शिफ्ट, आणि तिनं स्वतः न सांगितलेलंही एक सांगितलं. गेट बंद राहिलं तर तिला खोली सोडावी लागेल आणि इतक्या भाड्यात दुसरी मिळणार नाही. सिस्टर "हाँ" म्हणाली. मग त्यांनी आपलं सांगितलं.

"मेरी पत्नी है. घर पर बाहर से ताला लगाऊँ, ये मुझसे नहीं होता. वो कैदी नहीं है. इसलिए मैं पूरी कॉलनी को ताला लगवाना चाहता था. तीनों इतवार यही चाहता था और मूढ़े पर बैठा रहा. बस."

प्रधानजी त्यांच्या शेजारच्याच जिन्यात राहत. "सर, आपने बताया क्यों नहीं?" ते जवळजवळ ओरडलेच.

"बताता तो आप दया करते. वो टीचर है, प्रधानजी. उस पर कोई दया करे, ये मुझे नहीं चाहिए."

त्यानंतर बराच वेळ बोलणं झालं. कुणी म्हणालं, फक्त या एका गेटाला सूट द्या. सरांनीच ते उडवून लावलं. असे अपवाद मंत्रालयात त्यांनी पुष्कळ पाहिले होते. कुणी म्हणालं, दिवसा बंद, संध्याकाळी उघडं. ते गावातल्या शाळकरी मुलांच्या मुळावर येत होतं. शेवटी निर्णय होता तिथेच आला, फक्त त्यात दिवसासुद्धा गार्ड हवा एवढं वाढलं. मी तो वाचला, आणि विचारायची वेळ माझ्यावर आली.

"किसी को कुछ?" मी विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सगळे सतरंजीवरच्या त्या एका माणसाकडे पाहत होते. त्यांनी नुसतं "हाँ, मुझे कुछ है" म्हटलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं, आणि कुणी त्यांना बोल लावला नसता. गुडघ्यावर हात ठेवून ते खाली बघत होते. मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं की त्यांनी बोलावं. नियम गेला खड्ड्यात.

ते गप्प राहिले. निर्णय झाला.

चहा आला. लोक सतरंजीवर रांगेनं बसूनच प्यायला लागले. चार वाजत आले होते. सरांचा फोन वाजला, घरी थांबलेली कामवाली सांगत होती की आंटीजींनी चपला घातल्या आणि निघाल्या, ती मागोमाग येते आहे. सर उठायच्या आत बारातघराच्या उघड्या दारात बाई उभ्या होत्या. गेटाकडे जाता जाता त्यांना आत माणसं रांगेनं बसलेली दिसली असणार.

त्या आत आल्या. पर्स टेबलावर ठेवली. सगळ्या सतरंजीवरून नजर फिरवली आणि मराठीत म्हणाल्या, "वर्गात चहा?"

शब्द कुणाला कळले नसतील, आवाज सगळ्यांना कळला. तीस कप खाली गेले.

"हा वर्ग कोणाचा? कोणी हजेरी घेतली का?" त्यांनी पहिल्या माणसाकडे बोट केलं. "तुझं नाव?"

त्यानं नाव सांगितलं. मग पुढच्यानं. सिस्टरनं उभं राहून सांगितलं. प्रधानजी एवढे मोठे, तेसुद्धा उठून उभे राहिले, नाव सांगितलं, आणि बाईंनी बोटानं दाखवल्यावर शर्ट नीट खोचला. कुणी हसलं नाही. बाई रांगेनं पुढे सरकत सरांपर्यंत आल्या.

"तुझं नाव?"

सर उभे राहिले. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत सांगतात तसं.

"घरी अभ्यासाला कोण बसवतं?"

"तुम्हीच, बाई," सर म्हणाले.

मला रडू आलं आणि मूढ्यावर बसून ते लपवायला काही सोय नव्हती. बाईंनी मान डोलावली, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चला, मला बस गाठायची आहे. शाळेला उशीर होतोय."

सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात धरला नाही. नम्रपणे म्हणाले, "बाई, आज सुट्टी आहे."

"हो का?" बाई थबकल्या. जरा रागावूनच म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का?" आणि वळून घराच्या दिशेनं चालू लागल्या. रोज हे असंच होत असणार. त्या दिवशी ते तीस माणसांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रधानजींचा मला फोन आला. सरांचं ते सुट्टीचं वाक्य त्यांना हिंदीत लिहून हवं होतं. मी म्हटलं, हिंदीत नाही, मराठीतच म्हणावं लागेल. मग त्यांनी माझ्याकडून फोनवर घोकून घेतलं. पुढे गार्डाला ते येऊ लागलं, भाजीवाल्याला येऊ लागलं, गावाच्या बाजूच्या चहावाल्याला येऊ लागलं. सिस्टरचं सगळ्यांत शुद्ध होतं, असं सर सांगायचे. गेट उघडंच राहिलं. बाई अधूनमधून त्यातून बाहेर पडत, आणि कुणी ना कुणी त्यांना सांगे की आज सुट्टी आहे.

सर त्यानंतरही बैठका चालवत राहिले, पण सुरुवातीला एक नवी गोष्ट करू लागले. मूढ्यावर बसण्याआधी उभे राहून, या प्रश्नात आपल्याला स्वतःला काय हवं आहे ते सांगून टाकत आणि मग बसत. एकदा मी विचारलं, गेट उघडं ठेवलं त्याचा पस्तावा होतो का. म्हणाले, "गेट बंद असतं तर ती एक दिवस पुढच्या गेटानं गेली असती. तिथे तिला ओळखणारं कोण होतं? मीच कुणाला ओळखू दिलं नव्हतं."

बाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. घरीच, झोपेत. सर फ्लॅट भाड्यानं देऊन नागपूरला मुलीकडे राहायला गेले. जाताना मूढा मला देऊन गेले. मी त्यावर रोपाची कुंडी ठेवली आहे, कारण बसलं की माझे गुडघे दुखतात.

परवा त्यांच्या भाडेकरूला काही कागद द्यायला मी त्या कॉलनीत गेले होते. परतताना मागच्या गेटानं निघाले, गावातल्या एका ओळखीच्या दुकानात जायचं होतं. अंगावर सुती साडी, खांद्याला पर्स, आणि कानाला फोन, फोनवर सर. "गेट कसं आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उघडंच आहे, सर. रंग लावलाय नवा." गेटावरचा गार्ड नवा होता, कोवळ्या मिशीचा, मी पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. माझं मराठी त्याच्या कानावर पडलं मात्र, तो स्टुलावरून उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "बाई, आज सुट्टी आहे."

मी म्हटलं, "हो का? मग आधी सांगायचं नाही का?"

फोनमधून सर म्हणाले, "वळा, मॅडम. वळल्याशिवाय तो सोडायचा नाही तुम्हाला."

मी वळले.